आईचं वाचनवेड माझ्यात आलं, मुलात का येईना?

कोपऱ्यातलं_पान

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहिलंय, सांभाळून घ्या.

माझी आई प्रचंड वाचते. सत्तरी ओलांडली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी हातात पुस्तक असतंच. मीही तशीच झाले आणि मला कुणी मुद्दाम बसवून काही शिकवलं नाही, ती वाचत बसायची म्हणून मीपण बसायचे, इतकंच. त्यामुळे पुढच्या पिढीत पण हे आपोआपच होणार असं मी धरून चालले होते.

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. लहान असताना झोपताना गोष्ट लागायचीच, आणि एकच पुस्तक परत परत, कंटाळून मी एखादं वाक्य गाळलं की लगेच पकडायचा. मग शाळेत वाचायला यायला लागलं तसं आम्ही म्हणायला लागलो की आता तुझं तू वाच, आणि तिथून जे कमी होत गेलं ते आता जवळजवळ बंदच. शाळेचं वाचतो ते पण मागे लागल्यावर. फुटबॉलच्या खेळाडूंची माहिती, आकडे, तक्ते, कॉमिक यात मात्र तासन् तास जातात, पण ते काही मी वाचनात धरत नाही.

आता प्रश्न असे की आईने तिची लहानपणची पुस्तकं जपून ठेवलीयत, ती मोठ्या हौसेने त्याला देते, हा दोन पानं उलटतो आणि ठेवून देतो. ती बोलत नाही काही, पण चेहरा पडतो. नवऱ्याचं म्हणणं एका पुस्तकामागे अर्धा तास गेम द्यायचा, सरळ हिशोब. आणि तिसरं म्हणजे ऑडिओबुक लावलं तर हा गुपचूप ऐकत बसतो, पण ऐकणं म्हणजे वाचणं होतं का? ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या वाचणाऱ्या आहेत त्यांनी नक्की काय केलं ते सांगा ना. "तुम्ही वाचा म्हणजे तो वाचेल" हे कृपया नको, आम्ही दोघी त्याच्यासमोरच वाचत असतो.

---

रात्रवाचक

ताई, तुमच्याच पोस्टमधलं वाक्य परत वाचा, "आता तुझं तू वाच". बहुतेक घरांत हे असंच होतं आणि अगदी नेमक्या चुकीच्या वेळी होतं. कारण सहा-सात वर्षांच्या मुलाला ऐकून जेवढं कळतं त्याच्या मानाने स्वतः वाचून फारच थोडं जमतं. ऐकताना तो राजवाडे, खून, समुद्र, कटकारस्थानं सगळं पचवत असतो आणि स्वतः वाचायला बसला की त्याच्या वाट्याला येतं "हा बॉल आहे, बॉल लाल आहे". कोण वाचेल? ऐकून समजणं आणि वाचून समजणं यातली ही दरी साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत हळूहळू भरत जाते, म्हणजे तोपर्यंत तरी मोठ्याने वाचून दाखवण्यात अर्थ आहेच. नऊ वर्षांचा म्हणजे काही मोठा घोडा झाला नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये अधिकृतपणे सांगितलं की पालकांना मुलाच्या जन्मापासून मोठ्याने वाचायला सांगत जा, आणि त्याच्या खूप आधी १९८९ पासून बोस्टनमध्ये डॉक्टर लहान मुलांच्या तपासणीच्या वेळी पुस्तक हातात द्यायला लागले होते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९९२ मध्ये साधारण ३०० तान्ह्या बाळांच्या घरी पुस्तकं देऊन असंच सुरू झालं. म्हणजे सुरुवात लवकर करा हे सगळीकडे सांगतात, पण थांबायचं कधी हे कुणी बोलत नाही, आणि मग मूल अडखळत का होईना वाचायला लागलं की पालक सुटकेचा निःश्वास टाकून मोकळे.

आणि चित्रांच्या पुस्तकातसुद्धा आपल्या घरातल्या बोलण्यापेक्षा वेगवेगळे शब्द जास्त असतात. हे मोजलेलं आहे, २०१५ मध्ये १०० चित्रपुस्तकं घेऊन मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी तुलना केली होती. साहजिकच आहे म्हणा, घरात आपण काय बोलतो, दात घास, बूट घाल, आवर लवकर. जंगल, हेर, दुर्बीण, विश्वासघात हे पुस्तकातूनच येणार.

माझा सल्ला एकच, त्याला स्वतः वाचता येईल त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या वरचं पुस्तक घ्या आणि तुम्ही वाचून दाखवा. प्रकरण रंगात आलं की थांबा. पुढे काय झालं हे बघायला त्याने गुपचूप पुस्तक उघडलं तर तुम्हाला दिसलंच नाही असं करायचं, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

---

अक्षरजुळारी

वाचायला जड जाणाऱ्या मुलांना शिकवणं हे माझं काम आहे, त्यामुळे मी जरा वेगळ्या बाजूने बोलते. आवड निर्माण करण्याच्या आधी एक गोष्ट बघून घ्या, त्याला वाचणं सोपं जातंय का? कारण आपण सगळे असं समजतो की जास्त वाचलं की वाचन सुधारतं, आणि मोठ्या काळात ते खरंही असेल, पण लहान वयात उलटं जास्त दिसतं. नेदरलँड्समध्ये साडेसात वर्षांच्या ११,००० हून जास्त जुळ्या मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात निघालं असं की ज्याला सहज वाचता येतं ते मूल आवडीने वाचतं, आवडीने वाचल्यामुळे त्या वयात वाचता यायला लागतं असं काही तिथे दिसलं नाही. मग ज्याला कष्ट पडतात ते टाळतं, टाळल्यामुळे अजून मागे पडतं, आणि पुढे जाणारे पुढेच जातात. वाचनाचे अभ्यासक कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच हे मांडलं होतं, वाचनात श्रीमंत आणखी श्रीमंत होतो म्हणून.

शिवाय बोलणं जसं आपसूक येतं तसं वाचणं येत नाही. माणसाने लिहायला सुरुवात करून पाचेक हजार वर्षं झाली, मेंदूत त्यासाठी जन्मतः वेगळी जागा वगैरे काही नाही, दुसऱ्या कामाची जागा प्रत्येक मुलाला नव्याने वाचनासाठी तयार करावी लागते. त्यामुळे "आमच्या घरात सगळे वाचतात, याला का येत नाही" ह्या वाक्याला अर्थ नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द ओळखून वाचणं मुळातच जड जाणं, घराण्यात चालत येतो हे खरं, पण वाचणाऱ्या घरात होत नाही असं अजिबात नाही, हुशारीशी तर त्याचा काही संबंधच नाही.

घरी एवढं बघा. त्याने आधी न पाहिलेलं एक पान मोठ्याने वाचायला द्या. शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाजाने ठोकतो का? ओळ सुटते का? छोटे शब्द गाळतो का? पानाच्या शेवटी दमतो, डोळे चोळतो, की पोटात दुखायला लागतं? आणि वाचून झाल्यावर काय वाचलं ते सांगता येत नाही पण तेच तुम्ही वाचून दाखवलं तर अगदी बारकावे सांगतो, असं आहे का? असेल तर आधी डोळे तपासून घ्या आणि मग वाचनाची तपासणी करणाऱ्या माणसाला दाखवा. "मोठा झाला की येईल" म्हणत दोन वर्षं काढू नका. आणि काहीच नसेल, फक्त कंटाळा असेल, तर छानच, मग वरच्यांनी सांगितलंय ते करा.

फुटबॉलचे तक्ते तासन् तास वाचतो हे चांगलं लक्षण वाटतंय मला, पण त्यात सलग मजकूर किती आणि आकडे-चित्रं किती हे बघा.

---

ठोकळा

नवरोबांचा हिशोब मलाही सुचला असता :) पण १९७३ चा एक गाजलेला प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं अशीच निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर झकास प्रमाणपत्र मिळेल, सोनेरी चांदणी आणि रिबिनवालं. काहींना न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच नाही. नंतर काही दिवसांनी वर्गात पेन परत ठेवले तेव्हा ज्यांना सांगून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ पेनांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांना मात्र काही फरक पडला नाही.

आता याचा अर्थ बक्षीस म्हणजे विष असा काढू नका. ज्या कामात मुळात रसच नाही ते सुरू करून द्यायला बक्षिसाचा उपयोग होतो असं म्हणणारेही आहेत. पण तुमच्या मुलाला गोष्टी आवडतात, ऑडिओबुक ऐकतो म्हणजे आवडतातच. तिथे अर्धा तास गेमचा दर लावला की काय संदेश गेला? गेम हे सुख आणि पुस्तक ही त्याची किंमत. वर तो सगळ्यात पातळ पुस्तक शोधणार, मी तर नक्की शोधलं असतं.

द्यायचंच असेल तर झोपायची वेळ अर्धा तास पुढे ढकला, दिवा चालू ठेवायची परवानगी, वाचायचं असेल तर वाच नाहीतर पडून रहा, पण स्क्रीन नाही. आमच्याकडे हे चाललं. का चाललं ते माहीत नाही, बहुतेक पडून राहणं जास्त कंटाळवाणं असतं म्हणून.

---

दोन_नातवंडांची_आजी

बाळा, मी तुझ्या आईच्या बाजूची, तिच्यासाठी लिहिते आहे. तिला हे वाचून दाखव.

आपली पुस्तकं नातवाला आवडावीत असं वाटणं अगदी बरोबर आहे. पण त्या पुस्तकांकडे त्याच्या डोळ्यांनी बघ जरा. अक्षर बारीक, ओळी चिकटलेल्या, पान पिवळं आणि कोपरा धरला की तुकडा हातात. जुना कागद लाकडाच्या लगद्याचा असायचा आणि त्याच्यावर जी प्रक्रिया करायचे त्यातलं आम्लच त्याला आतून खात जातं, त्यात आपला काही दोष नाही, पण ज्याला "नीट धर, फाटेल" असं सारखं ऐकायला मिळतं तो कशाला हात लावेल? त्यातलं जे खरंच त्याला द्यावंसं वाटतं त्याची नवी मोठ्या अक्षरातली प्रत मिळते का बघायचं. जुनी प्रत आपली आपल्यापाशी, कोरड्या जागी, उन्हापासून लांब. हवं तर तिच्यातली पेन्सिलीच्या खुणा, मागे लिहिलेली नावं त्याला दाखवायची. माझ्या नातीला गोष्टीपेक्षा समासात मी लहानपणी काय खरडलंय त्यातच जास्त रस होता.

दुसरं म्हणजे नातवाने आजीचं वाचावं असा हट्ट धरण्याआधी आजीने नातवाचं वाचून बघावं. मी फुटबॉलचं नाही पण डायनोसॉरचं वाचलंय, नातवाकडून शिकून, परीक्षा पण घेतो माझी. त्याच्या कॉमिकमधलं एक घे आणि मनापासून विचार, हा माणूस असा का वागला. मग बघ किती बोलतो. तू म्हणतेस ते वाचनात धरत नाही, हे मला अजिबात पटलं नाही. तो जे वाचतो ते वाचन, आपल्याला आवडतं तेवढंच वाचन असं कुठे असतं. ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्ये पाच नियम सांगितले त्यात दुसरा हाच आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. आणि तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुझ्या आईच्या पुस्तकांचाही कुणीतरी वाचक असेल, तो हाच नातू असेल किंवा आत्ताच असेल असं नाही.

आणि ग्रंथालयात नेलं तर त्याला मोकळं सोड. त्याने उचललेलं पुस्तक आपण परत ठेवायचं नाही, मग ते कितीही टुकार दिसो. अर्धं टाकून दिलं तरी चालेल. आपण नाही टाकत?

---

हेडफोनवाला

ऑडिओबुकबद्दल बोलतो. वाचन = अक्षरं ओळखून शब्द लावणं गुणिले भाषा समजणं, हे समीकरण १९८६ पासून वाचनाच्या अभ्यासात वापरतात. गुणिले आहे, अधिक नाही, म्हणजे दोन्हीपैकी एक शून्य तर उत्तर शून्य. ऐकण्याने दुसरा भाग वाढतो, पहिला अजिबात नाही. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलासाठी उत्तर सरळ आहे, ऐकू दे भरपूर, पण फक्त ऐकून भागणार नाही. पुस्तक समोर ठेवून ऐकायला सांगा, बोट फिरवत. मोठ्या माणसांचं म्हणाल तर २०१६ मध्ये एक तुलना झाली, काहींनी वाचलं, काहींनी ऐकलं, काहींनी दोन्ही एकदम केलं, आणि समजण्यात काही फरक नव्हता. तेव्हा ऐकणं म्हणजे फसवणूक वगैरे जे म्हणतात त्यांनी जरा शांत व्हावं.

---

रात्रवाचक

@हेडफोनवाला, अर्धंच सांगताय. २०१० चा अजून एक आहे, कॉलेजच्या मुलांचा, एका गटाने लेख वाचला आणि दुसऱ्याने तोच पॉडकास्ट म्हणून ऐकला, परीक्षेत ऐकणारे चांगलेच मागे पडले. अवघड मजकूर असला की वाचणारा थांबतो, मागे जातो, ऐकणारा भांडी घासत असतो आणि गाडी पुढे निघून जाते. गोष्ट ऐकायला हरकत नाही, विज्ञानाचा धडा ऐकून होणार नाही.

---

हेडफोनवाला

भांडी घासताना मी जेवढी पुस्तकं संपवली तेवढी खुर्चीत बसून कधी संपली नाहीत, एवढंच सांगतो :) आणि ताईंचा मुलगा गोष्टच ऐकतोय, धडा नाही. तुमचा मुद्दा मान्य, इथे लागू नाही.

---

उगाच_एक

सगळे तंत्र सांगताय म्हणून एक कडू बोलतो. आम्ही दोघं भाऊ, एकच घर, तेच आईवडील, तीच पुस्तकं, रात्रीची गोष्ट एकाच पलंगावर ऐकलेली. मी वाचतो, तो वर्तमानपत्रसुद्धा वाचत नाही. चांगला माणूस आहे, हुशार आहे, त्याच्या हाताने काहीही दुरुस्त होतं. आमच्या आईला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की याच्या बाबतीत काहीतरी राहून गेलं, आणि ते त्याला जाणवायचं, त्याचा त्रास न वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त झाला त्याला.

घरात पुस्तकं असली की मुलं जास्त शिकतात असं म्हणतात, २७ देशांचा अभ्यास आहे २०१० चा, साधारण ५०० पुस्तकांच्या घरातली मुलं पुस्तकं नसलेल्या घरांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त शिकलेली, आईवडिलांचं शिक्षण वगैरे जमेस धरून सुद्धा. असेल. पण सरासरी म्हणजे तुमचा मुलगा नाही, आणि पुस्तकांमुळेच झालं की तसल्या घरातल्या बाकी सगळ्यामुळे हे त्यातून पक्कं सांगता येत नाही. त्याच अभ्यासात एक मजेची गोष्ट होती, की पहिल्या थोड्या पुस्तकांनीच सगळ्यात जास्त फरक पडतो, पुढे पुढे कमी होत जातो. म्हणजे कपाट भरून असण्याची काही गरज नाहीये.

दानिएल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शिक्षक होता, १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यातला पहिलाच आहे न वाचण्याचा हक्क. मला वाटतं तो आईवडिलांनी आधी पाठ करावा.

---

अक्षरजुळारी

@उगाच_एक, आवड नसण्याचा हक्क मान्यच. पण वाचता न येणं आणि न वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तुमच्या भावाचं काय होतं ते मला माहीत नाही, पण हाताने सगळं जमतं आणि वाचायचं नाव नको अशी माणसं माझ्याकडे चाळिशीत येतात, मुलाची तपासणी करायला म्हणून येतात आणि मग म्हणतात की हे सगळं तर मलाही होतं. म्हणून म्हटलं आधी तपासा, हक्क नंतर.

---

उगाच_एक

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं खरं. विचारतो त्याला.

---

कोपऱ्यातलं_पान

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल त्याला नवीन पान वाचायला दिलं, अक्षरजुळारी ताई, शब्द बरोबर वाचतो, अडखळत नाही, पण एकदम सपाट आणि घाईत, कधी एकदा संपतंय असं. काय वाचलं ते मात्र व्यवस्थित सांगितलं. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतलीय तरी. गेमचा दर रद्द, नवऱ्याला १९७३ वाला प्रयोग वाचून दाखवला, तो म्हणाला मग न सांगता अचानक देऊ, म्हटलं दे बाबा.

आईला आजींचं उत्तर दाखवलं. आधी म्हणाली "मला कुठे फुटबॉल कळतं", मग मुलाकडून एक कॉमिक मागून घेतलं, पण अक्षर इतकं बारीक की भिंग घेऊन बसली. तर आता माझा नवीन प्रश्न, तिच्यासाठी ई-रीडर घ्यावा का? अक्षर मोठं करता येतं हे माहीत आहे पण स्क्रीनवर वाचलेलं कमी समजतं असं काहीतरी ऐकलं होतं.

---

हेडफोनवाला

घ्या बिनधास्त. २०१८ मध्ये चोपन्न अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, त्यात कागदाची बाजू वरचढ ठरली ती मुख्यतः माहितीपर मजकुरात आणि वेळेचं बंधन असताना. गोष्टी-कादंबऱ्यांमध्ये कागद आणि स्क्रीन यात तसा फरक आढळला नाही. आईंना काही वेळ लावून परीक्षा द्यायची नाहीये. ई-इंकवाला, म्हणजे कागदासारखा दिसणाऱ्या पडद्याचा घ्या, टॅबलेट नको, आणि घेण्याआधी त्यांच्या हातात देऊन बघा, वजन आणि पान उलटायचं बटण हे दोन्ही महत्त्वाचं, त्या वयात नुसत्या टचने पानं भलतीच पुढे जातात. फक्त कॉमिक त्यावर नीट दिसणार नाही, चित्र छोटं होतं आणि बहुतेक ई-इंकवाल्यांवर रंग नसतात, त्याला भिंगच.

---

दोन_नातवंडांची_आजी

भिंगापेक्षा उभा दिवा घे आधी, मागून डाव्या खांद्यावरून उजेड येईल असा. आणि कॉमिक त्यालाच वाचून दाखवायला सांग की तिला. सगळ्या पात्रांचे आवाज काढून वाचायचं अशी अट घालायची, सपाट वाचलं तर आजीने झोपून जायचं.